तार ओढली की बंद

रतनसिंग राठोडला गाडी आधी ऐकू यायची, मग दिसायची. गोरेगावच्या स्टँडवर चहा पीत बसलेला असला, तरी सेनगावकडून येणारी जीप रामसिंगची की आणखी कुणाची, हे तो बशीतून मान वर न करता सांगायचा. कुणाचा पाटा ढिला झालाय, कुणाच्या डिझेलात रॉकेल मिसळलंय, हेसुद्धा सांगायचा. तांड्यात त्याचं सगळ्यांना कौतुक होतं आणि खुद्द रतनसिंगला जरा जास्तच होतं. अठ्ठावीस वर्षं तो जीप चालवत होता. चौदा-चौदा माणसं कोंबून, सणासुदीला टपावर आणखी तिघं बसवून त्यानं ही वर्षं काढली, पण कुणाला कधी साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. ऐकणाराही मान डोलवायचा, कारण ते खरं होतं.

आणि आता, दोन हजार आठ सालच्या जानेवारीत, त्याच्याच घरात अशी एक गाडी आली होती जी ऐकूच येत नव्हती.

गाडी त्याच्या मुलीची, संगिताची. संगिताचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. बारावीनंतर ती टायपिंग शिकली आणि गोरेगावच्या एका शाळेत तिला कारकुनाचं काम मिळालं. काम तात्पुरतं होतं, जूनमध्ये कायम होणार होतं, फक्त रोज दहाच्या ठोक्याला मस्टरवर सही पाहिजे. तांड्यापासून गोरेगाव सात किलोमीटर. बापाची जीप दारात उभी, मग लेकीला काय कमी, असं कुणालाही वाटेल. पण जीप घड्याळावर चालत नाही, शिटांवर चालते. चौदा शिटं भरल्याशिवाय रतनसिंग गिअर टाकायचा नाही, मग मागच्या बाकावर लेक का बसलेली असेना. "दोन मिन्टं, बाई. ते बघ, एक शीट येऊन राहिलं," असं म्हणत तो लांब बांधावरून येणाऱ्या माणसाची वाट बघायचा. अशा दोन-दोन मिनिटांनी संगिताच्या नावापुढं पाच लाल खुणा पडल्या. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की आता आणखी एक खूण पडली तर जूनची आशा धरू नका.

त्याच आठवड्यात ती हिंगोलीहून बॅटरीवर चालणारी स्कूटर घेऊन आली. पगारातून साठवून घेतली, आणि बापाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं. या गाडीला लायसन लागत नव्हतं, किक नव्हती, गिअर नव्हता, पायाला कामच नव्हतं. मागं दोन्ही बाजूंना लहान चाकं बसवून घेतली होती, त्यामुळं स्टँडचीही गरज नव्हती. चालायची बैलगाडीपेक्षा जरा बरी. पण पहिल्याच दिवशी दहाला दहा कमी असताना संगिता शाळेच्या फाटकात होती, आणि त्या दिवसापासून लाल खूण पडली नाही.

रतनसिंगनं नाक मुरडलं. "ही काय गाडी हाय? शिलाई मशीन हाय," असं तो स्टँडवर सांगायचा. लोक हसायचे. हसायचा नाही तो फक्त चहावाला विश्वंभर. विश्वंभरला पेपर मोठ्यानं वाचायची खोड होती आणि वाचलेल्यात आपल्या पदरचं घालायची त्याहून मोठी खोड होती. "रतनसिंग, दिवस भरले तुमचे," तो म्हणायचा. "पेट्रोल बंद, डिझेल बंद. उद्या समदं बॅटरीवर. तुमच्या जीपमंदी कोंबड्या पाळा." रतनसिंग हसण्यावारी न्यायचा, पण चहा अर्धाच टाकून उठायचा. कारण मागच्या पासिंगला आरटीओच्या साहेबानं जीपचा धूर बघून रुमाल नाकाला लावला होता आणि पुढच्या खेपेला हे धूड घेऊन येऊ नको असं तोंडावर सांगितलं होतं. पुढची खेप मे महिन्यात होती. हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

जीप खरोखरच जुनी होती. तिला चावी नव्हती. कधीकाळी होती, ती हरवली आणि नंतर कुणाला तिची आठवणही झाली नाही. सेल्फ बंद पडून बारा वर्षं झाली होती, म्हणून ती नेहमी उताराला तोंड करून उभी करायची. निघायचं तेव्हा ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की क्लच सोडायचा, आणि ती खोकत-खाकरत चालू व्हायची. बंद करायची तर समोरच्या पट्टीखालून एक तार ओढायची. तारेच्या टोकाला रतनसिंगनं बायकोची, मिराबाईची, एक जुनी पांढरी बांगडी बांधली होती. बांगडी ओढली की इंजिन घुसमटून गप्प व्हायचं. गप्प म्हणजे बंद. अठ्ठावीस वर्षांत याच्यापलीकडं त्याला काही शिकायची गरज पडली नव्हती.

लेकीच्या गाडीनं मात्र त्याच्या जिवाला घोर लावला. आधी लाईटचा घोर. त्या वर्षी लोडशेडिंगचा नुसता कहर होता. लाईट या आठवड्यात पहाटे यायची, तर पुढच्या आठवड्यात भर दुपारी. त्यात कधी सहा तास राहायची, कधी चारच. लाईट आली की मिराबाई हातातलं काम टाकून वायर लावायला धावायची. चार्जरवरचा लाल दिवा हिरवा झाला की नाही, हे दिवसातून दहा वेळा बघितलं जायचं. पुरती भरली नाही तर पोरगी मधल्या माळावर अडकणार. तिथं ना घर, ना झाड. त्यात ट्रकवाल्याला ही गाडी ऐकू जाणार नाही. वळणावर बैलं बुजणार. पाय असता तर उडी तरी मारली असती. रतनसिंग असली एकेक चित्रं डोळ्यांपुढं आणायचा आणि स्वतःच घाबरायचा.

संध्याकाळी साडेपाचनंतर तो तांड्याच्या तोंडाशी, उतारावर लावलेल्या जीपमध्ये बसून राहायचा. आधी त्याला बरं होतं, येणारं प्रत्येक वाहन कानावर पडायचं. आता कान टवकारून उपयोग नव्हता. माळावरून वारा ऐकू यायचा, तांड्यातली शेरडं ऐकू यायची, आणि मग एकदम संगिता समोर उभी. मधलं काही नाही. एकदा ती पाऊण तास उशिरा आली. बॅटरी अर्धीच भरली होती, म्हणून ती चढावर थांबत-थांबत आली होती. तेवढ्या वेळात रतनसिंग दहा वेळा जीपमधून उतरला-चढला होता. ती दिसताच जिवात जीव आला, आणि त्याबरोबर रागही आला.

"काहून एवढी तकलीफ घेतेस? माझी गाडी हाय ना."

"तुमची गाडी हाय, बा. पण ती भरल्याबगर निघत न्हाई," संगिता म्हणाली. ती रागानं बोलली नाही, म्हणूनच त्याला ते लागलं.

तर असा तो माणूस. पण खरं सांगायचं तर त्याला त्या गाडीची भुरळही पडली होती. ज्यानं जन्मभर स्टिअरिंग धरलं, त्याच्या अंगणात नवी गाडी उभी आहे आणि हात शिवशिवत नाहीत, असं कसं होईल? फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शाळा सकाळची होती, संगिता दुपारी बाराला घरी आली. स्कूटर ओट्याजवळ लावली, चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि जेवून आत जाऊन पडली. मिराबाई ओढ्याला धुणं घेऊन गेली होती. तांडा उन्हात पेंगत होता. रतनसिंगनं इकडं-तिकडं बघितलं आणि खिळ्यावरची चावी काढली.

त्यानं सेवालाल महाराजांच्या देवळापर्यंत एक फेरी मारली. कुणी बघितलं नाही, कारण कुणी ऐकलंच नाही. मूठ जराशी पिळली की गाडी सुळकन पुढं जायची. ना हादरा, ना धूर, ना मांडीला इंजिनाचा चटका. देवळाला वळसा घालताना तो चक्क हसत होता. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला गाडी चालवताना चिमणी ऐकू आली. त्याच क्षणी, का कोण जाणे, त्याला वाटलं की विश्वंभर म्हणतो ते खरं आहे. आपले दिवस भरले. हसू तिथंच विरलं.

तो घाईनं माघारी आला. सवयीनं गाडी ओट्याजवळ, हलक्या उताराला तोंड करून लावली. सवयीनं हात तार शोधायला खाली गेला, तार नव्हती. गाडी तर गप्पच होती. गप्प म्हणजे बंद. तो उतरला, अंगणातल्या बाजेवर जाऊन आडवा झाला आणि डोळ्यांवर टॉवेल घेतला. चावी गाडीलाच राहिली.

दहा मिनिटं झाली असतील-नसतील. शेजारची सोजराबाई शेतातून सरपणाला कापसाच्या पळाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन आली. साठी उलटलेली बाई, उन्हानं घामाघूम झालेली. ओट्याजवळ दम खायला ती थांबली आणि भारा सावरत तिनं आधाराला उजव्या हातानं स्कूटरची मूठ धरली. अंगाचा भार मुठीवर आला, मूठ फिरली, आणि गाडी आवाज न करता उताराला सुटली. सोजराबाई तिच्याबरोबर चार पावलं फरफटली आणि भाऱ्यासकट पडली. स्कूटर तशीच जाऊन तांड्याचा प्रमुख भीमसिंग नायक याच्या शेरडांच्या काटेरी कुंपणात घुसली.

आवाज झाला तो सोजराबाईच्या किंकाळीचा. रतनसिंग धावला. तिचा हात मनगटातून नको तसा वळला होता. क्षणात तांडा गोळा झाला. कुंपणातून गाडी ओढून काढणारा रामसिंग ओरडला, "चावी लागेलच हाय की हिला! चालूच हाय गाडी!"

सगळ्यांनी संगिताकडं बघितलं. ती झोपेतून उठून, भिंतीला धरत ओट्यावर आली होती. रतनसिंगनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "जीप काढ, रतनसिंग, हिंगोलीला न्यावं लागंल," आणि तो जीपकडं पळाला. पळता आलं याचं त्याला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

वाटेत सोजराबाई प्रत्येक खड्ड्याला कण्हत होती. ओढ्यावरून धावत येऊन तिच्या शेजारी बसलेली मिराबाई तिला धीर देत होती, आणि तांड्यातले दोघं-तिघं रतनसिंगची वाहवा करत होते. "जीप व्हती म्हणून बरं. असा ड्रायव्हर हाय म्हणून बरं." "त्या खेळण्याच्या भरवशावर राहिलो असतो तर?" रतनसिंग समोर बघत राहिला. जवळून कुणी बघितलं असतं, तर बांगडीची तार त्यानं मुठीत आवळून धरलेली दिसली असती. हिंगोलीला डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं आणि दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. परतताना त्यानं ठरवलं, घरी गेल्या-गेल्या सांगून टाकायचं.

घरी संगिता चुलीजवळ बसली होती. जेवणाकडं तिचं लक्षच नव्हतं.

"याडी, मी आल्यावर चावी खिळ्याला लावली व्हती ना?" तिनं आईला विचारलं. "मला वाटून राहिलं, लावली व्हती. पण मग गाडीला कशी? आज डोकं दुखत व्हतं. विसरले असंन का मी?"

"व्हतं असं, बाई," मिराबाई म्हणाली.

"सोजराकाकीचा हात माझ्यामुळं मोडला."

रतनसिंगनं हातातली भाकरी ताटात ठेवली. आता बोलायचं, आता बोलायचं, असं म्हणत तो पाणी प्यायला आणि मूग गिळून बसला. बोललं की अठ्ठावीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात संपणार होती. उद्या स्टँडवर लोक म्हणणार, याला चावी काढायची अक्कल नाही. ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट त्याहून खोल आणि वाईट होती, आणि तिच्याकडं बघायची त्याला भीती वाटत होती.

रविवारी सकाळी नायकाच्या घरासमोरच्या लिंबाखाली बैठक बसली. सतरंजीवर भीमसिंग नायक, भोवती तांड्यातली माणसं, बाजूला बायका. सोजराबाई गळ्यात हात अडकवून बाजेवर बसली होती. कुंपणानं ओरखडलेली स्कूटर समोर आणून ठेवली होती, अगदी आरोपीसारखी.

"पोरीवर माझा राग न्हाई," नायक म्हणाला. "पण चालू हाय का बंद हाय, हे ज्या गाडीचं कळत न्हाई, ती तांड्यात कशी ठेवावी? आज म्हातारीचा हात मोडला. उद्या एखादं लेकरू खाली आलं तर? ही गाडी दुकानदाराला वापस. संगितानं बापाच्या जीपमंदी जावं."

संगिता काठीवर टेकून उभी राहिली. "काकीची मी माफी मागते. चूक माझी हाय," ती म्हणाली. "पण जूनपर्यंत गाडी राहू द्या, नायक. जीपनं गेले तर लाल खूण पडंल, आन् नोकरी जाईल. जून झाला की तुमी म्हणाल तसं."

"चार महिने बराबर ध्यान राहील का तुझं?"

कालपासून तिचा स्वतःवर विश्वासच उरला नव्हता. तिनं पदराची गाठ सोडली, चावी काढली आणि पुढं होऊन नायकासमोर सतरंजीवर ठेवली. मग पाय ओढत मागं जाऊन बसली.

रतनसिंग त्या चावीकडं बघत होता. बैठक संपत आली होती. त्यानं आणखी थोडा वेळ गप्प बसायचं होतं, बस्स. सोमवारी लेक जीपमध्ये बसेल, संध्याकाळी कान लावून बसायचा घोर संपेल, सगळं पहिल्यासारखं होईल. लोक उठायला लागले.

"गाडीला चावी मी ठेवली व्हती," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की नायकानं "आं?" केलं.

"चावी मी ठेवली. पोरीनं खिळ्याला लावली व्हती. मी काढली, देवळापर्यंत फेरी मारली. आल्यावर उताराला लावली. आवाज न्हाई, म्हंजे बंद, असं वाटलं मला. माझ्या गाडीला चावी कुठं हाय? मला चावी काढायची सवयच न्हाई."

रामसिंग तोंड उघडं टाकून बघत राहिला; गाडी चालवायला त्याला रतनसिंगनंच शिकवलं होतं. सोजराबाई बाजेवरून म्हणाली, "तू, भाऊ?"

"काल काहून बोलला न्हाईस?" नायकानं विचारलं.

"लाज वाटली." रतनसिंग म्हणाला. एवढ्यावर भागलं असतं. पण जे बघायची भीती वाटत होती ते आता ओठांवर आलं होतं. "आन् मला वाटलं, गाडी जाऊन राहिली तर जाऊ द्यावी. ती गेली तर पोरगी माझ्या जीपमंदी बसंल. मे महिन्यात माझी जीप पास व्हणार न्हाई. तवर तरी बसंल."

मिराबाईनं पदर तोंडाला लावला. जीपचं तिलाही आत्ताच कळत होतं.

नायक म्हणाला की प्लास्टर निघेपर्यंत सोजराबाईच्या घरचं सरपण-पाणी रतनसिंग करील, तिला दवाखान्यात नेईल-आणील, आणि कुंपणही त्यानंच नीट करायचं. गाडी राहील. चावी पोरीकडं. त्यानं चावी उचलून संगिताच्या दिशेनं धरली. तिनं ती घेतली, पण बापाकडं बघितलं नाही.

संध्याकाळी रतनसिंग काटेरी फांद्या आणून नायकाचं कुंपण भरत होता, हात सोलवटले होते. संगिता काठी टेकत तिथं आली.

"बा, मी काल रातभर जागी व्हते. मीच विसरले म्हणून. आज चावी विसरले, उद्या शाळंत काही विसरंन, असं वाटत व्हतं. तुमाला आयकू येत व्हतं ना, मी जागी हाय ते?"

"व्हय," रतनसिंग म्हणाला. सगळं ऐकू येणारा माणूस तो, खोटं कसं बोलणार?

ती तशीच माघारी गेली. सोमवारी साडेनऊला निघाली तेव्हाही गप्पच होती. स्टँडवर व्हायचं ते झालंच. बातमी त्याच्याआधी पोहोचली होती. "रतनसिंग, चहा पिता का चावी देऊ?" असं विश्वंभरनं विचारलं आणि सगळा स्टँड हसला. रतनसिंगनं चहा घेतला. कुणाला कधी खरचटलंसुद्धा नाही, हे वाक्य आता त्याच्याजवळ नव्हतं, आणि त्याच्या जागी बोलायला दुसरं काही सुचत नव्हतं.

साडेपाचला तो तांड्याच्या तोंडाशी येऊन बसला. वारा वाहत होता, शेरडं ओरडत होती. पावणेसहा झाले. सहा झाले. कान काही सांगत नव्हते, म्हणून तो जीपमधून उतरून रस्त्यावर उभा राहिला आणि नुसता बघत राहिला, डोळे दुखेपर्यंत. अखेर वळणावर ती दिसली, ठिपक्याएवढी. तिथून तांड्यापर्यंत ती पुरी यायला दहा मिनिटं लागली आणि ती दहाच्या दहा मिनिटं त्यानं डोळ्यांनी काढली.

संगिता त्याच्यासमोर येऊन थांबली. उतरली, काठी घेतली आणि म्हणाली, "बसा."

"मी?"

"बसा गाडीवर."

तो बसला. रामसिंग आपल्या ओट्यावरून बघत होता, आणखीही दोघं-तिघं बघत होते.

"चावी फिरवा. हां. आता मूठ पिळू नका. हा दिवा लागला ना? दिवा हाय तवर गाडी चालू हाय, आवाज असो-नसो. आता चावी उलटी फिरवा. दिवा गेला? आता काढा."

त्यानं काढली.

"परत."

त्यानं पुन्हा लावली, फिरवली, दिवा बघितला, विझवली, काढली. अर्ध्या तांड्याला गाडी शिकवलेला माणूस चावी काढायला शिकत होता. ती परत म्हणाली, आणि त्यानं परत केलं. असं किती वेळा झालं ते रामसिंगनं नंतर वाढवून-वाढवून सांगितलं, पण दहा वेळा तरी झालंच असेल.

मग संगितानं हात पुढं केला. रतनसिंगनं चावी तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकाला घेतली, गाठ मारली, गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"भूक लागली, बा. चला," ती म्हणाली.

घरात शिरताना रतनसिंगची नजर दाराजवळच्या खिळ्यावर गेली. चावी तिथं पुन्हा कधी लागली नाही.